गाडी उभी, ड्रायव्हर उभा : या उभ्या वेळेचे पैसे कोण देणार?

रेल्वेची वॅगन मालधक्क्यावर ठरवून दिलेल्या तासांपेक्षा जास्त अडकून राहिली की रेल्वे व्यापाऱ्याकडून डेमरेज वसूल करते. न्हावा-शेव्याच्या बंदरातून उचललेला कंटेनर मुदतीत परत गेला नाही तर जहाज कंपनी दिवसागणिक आकार लावते. व्यापारी या रकमांवर कुरकुर करतो, पण भरतो. आणि भरावी लागते म्हणूनच तो हमाल आधी सांगून ठेवतो, गोदामात जागा करून ठेवतो, कागदपत्रे तयार ठेवतो. परंतु त्याच व्यापाऱ्याच्या दुकानासमोर भिवंडीहून आलेला ट्रक सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत उभा असतो, तेव्हा त्या सहा तासांचा आकार सहसा कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. लोखंडी डब्याच्या थांबण्याला किंमत आहे, डब्यापुढे बसलेल्या माणसाच्या थांबण्याला नाही. किरकोळ व्यापाराच्या मालवाहतुकीत आज जी दुखणी दिसतात, त्यांपैकी बरीचशी या एका फुकटच्या वेळेतून निघतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भिवंडी म्हटले की जुन्या वाचकांना यंत्रमागांचा खडखडाट आठवेल. तो अजून पुरता थांबलेला नाही. पण गेल्या दोन-अडीच दशकांत भिवंडीची दुसरी ओळख गोदामांची झाली आहे. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, नाशिक महामार्गाला लागून, बंदरापासून फार दूर नाही आणि जमीन त्या मानाने स्वस्त, या कारणांनी येथे गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, तरी गोदामे हलली नाहीत, उलट वाढली. साखळी दुकानांचा किराणा, कपडा, चपला, प्लास्टिकची भांडी, औषधे, टीव्ही-फ्रीज, घरपोच वस्तू पाठवणाऱ्या कंपन्यांची पार्सले, हे सारे येथे उतरते आणि येथूनच ठाणे, मुंबई, पुणे, नाशिक, मालेगाव, धुळ्याकडे निघते. हा माल वाहणारा ड्रायव्हर दिल्ली-कोलकात्याच्या लाइनवर पंधरा-पंधरा दिवस असणारा नव्हे. त्याचा पल्ला शंभर ते तीनशे किलोमीटरचा. लोकांना वाटते, हा सुखी माणूस आहे, रोज ना उद्या घरी जातो. त्याच्या घरच्यांना विचारावे. लाइनवरचा ड्रायव्हर निदान चालत तरी असतो. जवळच्या पल्ल्याच्या ड्रायव्हरचा दिवस चालण्यापेक्षा थांबण्यातच अधिक जातो.

एका साध्या फेरीचा हिशेब मांडू. भिवंडी ते नाशिक अंतर सुमारे १३० किलोमीटर. गाडी संध्याकाळी पाच वाजता गोदामाच्या फाटकात लागली असे समजा. डॉक मोकळा नाही म्हणून नऊपर्यंत रांग. भरणी, मोजणी, बिल, ई-वे बिल, सील, यांत रात्रीचे बारा. तीन-साडेतीन तासांचा रस्ता. म्हणजे पहाटे साडेतीनला गाडी नाशिकात. दुकान किंवा तेथील छोटे गोदाम दहाला उघडणार. मधल्या सहा तासांत ड्रायव्हरने झोपावे अशी अपेक्षा असते. पण पूर्वीप्रमाणे गाडीवर क्लीनर राहिलेला नाही. गाडीत पाच-दहा लाखांचा माल, टाकीत डिझेल, आणि रस्त्याकडेला एकटा माणूस. तो झोपतो तो एक कान उघडा ठेवून. दहाला दुकान उघडते, साडेदहाला व्यवस्थापक येतो, अकराला समजते की आधी आलेली भाजीपाल्याची गाडी खाली व्हायची आहे. एक वाजता जेवणाची सुट्टी. तीन वाजता माल उतरतो, चार वाजता पोहोच पावतीवर सही होते, आणि तोवर मालकाचा चौथा फोन आलेला असतो : "रात्रीची भरणी आहे, आठच्या आत भिवंडीत ये." या तेवीस तासांत गाडी चालली साडेतीन तास. भाडे मिळाले ते किलोमीटरचे, ड्रायव्हरला भत्ता मिळाला तो फेरीचा. बाकीचे साडेएकोणीस तास कोणाच्याच वहीत नाहीत.

परतीला आता चाकावर बसतो तो माणूस आदल्या सकाळपासून धड झोपलेला नाही. दुकानदाराच्या दारात गमावलेले तास त्याने कोठून भरून काढायचे? रस्त्यावरूनच, दुसरी जागा नाही. रस्ते सुधारले हे खरे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि आमणे हे भिवंडीच्या कुशीतले गाव. टोल परवडणाऱ्यांचा कसारा घाट चुकला. परंतु रस्त्याने वाचवलेला एक तास फाटकाने खाल्ला तर ड्रायव्हरच्या पदरात काय पडले? हजारो कोटी रुपये खर्चून सरकार रस्त्यावरची मिनिटे वाचवते, आणि एक रुपया न खर्चता आपण ती दुकानाच्या गल्लीत उधळतो.

कायदा काय सांगतो तेही पाहू. मोटर वाहतूक कामगार कायदा १९६१ साली झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास; लांबच्या मार्गावर किंवा सणासुदीला परवानगी घेऊन फार तर दिवसाला दहा व आठवड्याला ५४; सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तासांची सुट्टी, अशा त्याच्या तरतुदी होत्या. पाच किंवा अधिक वाहतूक कामगार असलेल्या धंद्याला तो लागू होता. एक-दोन गाड्यांचे मालक, म्हणजे आपल्याकडचे बहुसंख्य मालक, त्यातून आपोआप बाहेर राहिले. पुढे हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला आणि ती संहिता केंद्राने २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केली. कायदा जुना असो वा नवा, ड्रायव्हर फाटकावर उभा असताना तो कामावर आहे की विश्रांतीवर, या प्रश्नाचे उत्तर व्यवहारात मालकाच्या सोयीने दिले जाते. जो माणूस गाडी सोडून शंभर पावले जाऊ शकत नाही, ज्याला रांग सरकली की हाक येते, तो विश्रांती घेत आहे असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०२० साली देशातील बाराशेंहून अधिक ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली होती. सरासरी सुमारे बारा तास गाडी चालवणे, आणि जवळजवळ निम्म्यांनी थकवा वा झोप आली तरी गाडी चालवतो असे कबूल करणे, हे त्यातले निष्कर्ष वर्तमानपत्रांत गाजले. आम्हांला त्याहून बोचलेला आकडा दुसराच आहे. शंभरातील ८४ चालकांनी सांगितले की, आपल्या नात्यातल्या कोणाला आम्ही या धंद्यात या असे सांगणार नाही. एके काळी भिवंडी-मालेगावकडे ड्रायव्हरचा मुलगा किन्नरकी करत करत ड्रायव्हर होई आणि पुढे हप्त्यावर स्वतःची गाडी घेई. आज तो मुलगा मोबाइल दुरुस्ती शिकतो किंवा दुचाकीवर पार्सले वाटतो. मालवाहू वाहनाच्या परवान्यासाठी असलेली आठवी पासची अट केंद्राने २०१९ साली काढून टाकली, तरी ड्रायव्हर मिळत नाही अशी गाडीमालकांची ओरड चालूच आहे. अट शिक्षणाची नव्हतीच, असे आता म्हणावे लागते.

उभ्या वेळेचा प्रश्न एकटा येत नाही, त्याला दोन भावंडे आहेत. पहिले भावंड म्हणजे तूटफूट. गोदामात भरणी होते तेव्हा ड्रायव्हरला अनेकदा डॉकवर येऊ देत नाहीत. सुरक्षेचा नियम म्हणून तो बाहेर. दार बंद करून सील लागते, सीलचा क्रमांक चलानवर लिहिला जातो, आणि गाडी त्याच्या स्वाधीन होते. दुकानात तेच सील अखंड असल्याचे पाहून ते तोडले जाते. मोजणीत दोन खोकी कमी भरतात. आणि पोहोच पावतीवर 'शॉर्ट' असा शेरा पडतो. ती रक्कम दुकानदार वाहतूकदाराच्या भाड्यातून कापतो, वाहतूकदार गाडीमालकाच्या, आणि गाडीमालक ड्रायव्हरच्या पगारातून. ज्याने माल मोजला नाही, पाहिला नाही, त्याच्या माथी तो मारला जातो. सील शाबूत होते याचा अर्थ एवढाच की, खोकी भरतानाच कमी होती किंवा उतरल्यावर कमी झाली. कापण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी ही तरतूद १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. ही संधी मिळालेला ड्रायव्हर आम्ही शोधतो आहोत.

दुसरे भावंड वाराई. माल दुकानदाराचा, दुकान दुकानदाराचे, उतरवणारे हमाल दुकानदाराच्या ओळखीचे, आणि उतराईचे पैसे मात्र कित्येक ठिकाणी ड्रायव्हरच्या खिशातून. 'जिसका माल उसका हमाल' ही वाहतूकदारांची घोषणा फार जुनी आहे. ती जुनी झाली, पण अजून लागू पडते, हीच तिची शोकांतिका. हमालांशी आमचे भांडण नाही. ओझे वाहणाऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे, आणि माथाडी कामगारांसाठी १९६९ चा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. प्रश्न एवढाच की, ती मजुरी दुसऱ्या मजुराने का द्यावी? पैसे देण्यास ड्रायव्हरने नकार दिला तर काय होते? कोणी मारहाण करत नाही. गाडी फक्त रांगेत मागे जाते. म्हणजे पुन्हा तोच फुकटचा वेळ, यावेळी शिक्षा म्हणून वापरलेला.

यात ई-वे बिलाचे घड्याळही चालू असते. २०२१ च्या जानेवारीपासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत आहे. जवळच्या पल्ल्याला म्हणजे एकच दिवस. शनिवारी भरलेली गाडी रविवारी दुकानाने घेतली नाही, सोमवारी साठा तपासणी निघाली, की मुदत संपते. वाढवून घेता येते. पण ती वाढवायची ठरावीक तासांच्या आत, आणि हे काम ज्याने करायचे तो कारकून रविवारी घरी असतो. रस्त्यात तपासणी झाली तर अधिकाऱ्यासमोर उभा राहतो तो ड्रायव्हर. ठाणे-मुंबईच्या बाजूला आणखी एक अडचण. तेथे दिवसाच्या ठरावीक वेळांत जड वाहनांना प्रवेशबंदी असते. दुकानाने अर्धा तास उशीर केला आणि बंदीची वेळ सुरू झाली, तर गाडी शहरात अडकून पडते. दुकानदाराचा अर्धा तास ड्रायव्हरला पाच तासांना पडतो.

सरकारने ड्रायव्हरसाठी काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. चांगली गोष्ट आहे. मात्र हा नियम साडेतीन टनांपेक्षा अधिक वजनाच्या गाड्यांना आहे. गल्लीबोळांतल्या दुकानांपर्यंत शेवटचा माल नेणारा 'छोटा हत्ती' आणि लहान पिकअप त्याच्या कक्षेत येत नाहीत, आणि मे महिन्यात दुकानासमोर उन्हात तापत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत याच जास्त असतात. मोठ्या गाडीतही इंजिन बंद असताना यंत्र चालत नाही, आणि उभ्या गाडीत डिझेल जाळू देणारा मालक विरळाच. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी महामार्गांवर चालकांसाठी एक हजार विश्रांतिगृहांची घोषणा केली. तीही स्वागतार्ह. पण ज्याची विश्रांती दुकानाच्या मागच्या गल्लीत अडकली आहे त्याला महामार्गावरच्या खाटेचा उपयोग काय? त्याला त्या गल्लीत एक संडास आणि प्यायला पाणी हवे आहे. दुकानात नोकरांसाठी दोन्ही असतात. 'बाहेरच्या माणसाला' आत सोडत नाहीत. ज्याच्या ताब्यात रात्रभर पाच-दहा लाखांचा माल सोडला, तो सकाळी नळापुरता बाहेरचा होतो!

जानेवारी २०२४ चा संप वाचकांना आठवत असेल. नव्या न्याय संहितेत, अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली, म्हणून वर्षाच्या पहिल्याच दिवशी ट्रक थांबले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि दोन दिवसांत सरकारला वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलणी करावी लागली. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली ती ते पोटकलम बाजूला ठेवून. त्या आठवड्यात चर्चा खूप झाली. अपघातानंतर ड्रायव्हर पळतो की थांबतो, यावर प्रत्येकाचे मत होते. अपघाताच्या आधी तो किती तास कोणाच्या फाटकावर उभा होता, हे विचारणारा आम्हांला तरी भेटला नाही. पळून जाणाऱ्याची बाजू आम्ही घेत नाही. जखमीला रस्त्यावर टाकून जाणे गुन्हाच आहे. पण रात्री दोन वाजता डुलकी लागलेल्या माणसाच्या मागे दिवसभराची जी साखळी आहे, तिच्यातल्या एकाही कडीवर कसलेच कलम नाही.

आता व्यापारी वाचकांची बाजू. आम्ही काही दुकानदारांशी या विषयावर बोललो. त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. गाडी कधी येणार हे कोणी कळवत नाही, कधी तीन गाड्या एकदम येतात, दुकानामागे जागा दोन खोल्यांची, माणसे मोजकी, आणि ड्रायव्हरही सगळे धुतल्या तांदळासारखे नसतात, वाटेत दुसऱ्याचा माल टाकून उशिरा पोहोचणारेही आहेत. हे सर्व खरे आहे. आणि यातली प्रत्येक अडचण वॅगनच्या बाबतीतही होतीच. तेथे ती सुटली, कारण न सोडवण्याचे पैसे पडत होते. येथे ती सुटत नाही, कारण ड्रायव्हरचा वेळ वापरून घेणे फुकट आहे. फुकट मिळणारी वस्तू जपून वापरणारा व्यापारी आम्ही अजून पाहिलेला नाही, आणि हे आम्ही व्यापाऱ्याचा दोष म्हणून नव्हे, धंद्याची रीत म्हणून सांगतो.

मग वाहतूकदारच थांबण्याचा आकार का मागत नाहीत? करारात 'हॉल्टिंग' हा शब्द असतो, नाही असे नाही. पण ते लागू होते चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांनंतर, म्हणजे जवळच्या पल्ल्याला कधीच नाही. आणि जो लहान गाडीमालक तासांचे पैसे मागेल त्याला पुढची भरणी मिळणार नाही, दुसरा उभाच आहे. त्यामुळे ही सुरुवात खालून होणे कठीण. ती माल मागवणाऱ्याकडूनच व्हावी लागेल, आणि त्यातही मोठ्या साखळी दुकानांची वाट पाहत बसू नये. आपल्या वाचकांत कपड्याचे, चपलांचे, किराण्याचे घाऊक व किरकोळ व्यापारी पुष्कळ आहेत. त्यांच्या हाती आजच्या आज करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे चलानवर दोन वेळा लिहिणे : गाडी दारात लागली ती वेळ आणि रिकामी होऊन सुटली ती वेळ, दोन्हीखाली दुकानाची सही. याला खर्च शाईचा. पहिले दोन तास दुकानाचे धरावेत. त्यानंतरच्या प्रत्येक तासाला ठरलेली रक्कम भाड्याच्या बिलात वेगळी दाखवावी, आणि तिच्यातला ड्रायव्हरचा हिस्सा थेट त्याच्या खात्यात जावा. मालकाच्या हाती दिलेले थांबण्याचे पैसे ड्रायव्हरपर्यंत पोहोचतात यावर आमचा फारसा विश्वास नाही, गाडीमालक वाचकांनी राग मानू नये. उतराई दुकानाने द्यावी. सील अखंड असेल तर तुटीचा वाद भरणाऱ्या गोदामाशी करावा. रक्कम किती हे ज्याने त्याने ठरवावे. तासाला शंभर रुपये ठेवले तरी पहिल्याच महिन्यात दुकानदार हमालांना नऊ वाजता बोलावू लागेल.

मालाची किंमत यामुळे वाढेल, अशी भीती काहींनी बोलून दाखवली. हिशेब करून पाहावा. दोनशे खोक्यांच्या गाडीला तीन तास जादा लागले आणि तासाला शंभराप्रमाणे तीनशे रुपये पडले, तर खोक्यामागे दीड रुपया होतो. खोक्यात बारा जोड चपला असतील तर जोडीमागे साडेबारा पैसे. याहून अधिक रक्कम दुकानदार पिशवीवर खर्च करतो. उलट गाडी लवकर सुटली तर तीच गाडी आठवड्याला एक फेरी जास्त करील, आणि हप्त्यावर गाडी चालवणाऱ्याला ही एक फेरी म्हणजे हप्ता वेळेवर जाणे आणि चुकणे यांतला फरक आहे.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत कपड्या-चपलांच्या दुकानांना दम घ्यायला फुरसत नसते. भिवंडीहून गाड्यांमागून गाड्या येतात, आणि त्यांतले कित्येक ड्रायव्हर रोजेदार असतात. दुकानात इफ्तारचा दस्तरखान लागतो तेव्हा तो बाहेर केबिनमध्ये पाण्याची बाटली उघडतो, कारण रांग सोडली तर नंबर जाईल. त्याला आत बोलावणारे दुकानदारही आहेत, हे आम्ही पाहिले आहे. पण त्याला आत बोलावण्यापेक्षा मगरिबच्या आधी मोकळा केला असता तर तो कल्याणला आपल्या मुलांत बसून रोजा सोडू शकला असता. ज्या व्यापाऱ्यांनी चलानवर वेळ लिहिण्याची किंवा थांबण्याचे पैसे देण्याची पद्धत आपल्या दुकानात आधीच सुरू केली असेल, त्यांनी ती कशी चालते, तासाला किती ठरवले आणि कोणत्या अडचणी आल्या, हे या पानाकडे अवश्य लिहून पाठवावे. ड्रायव्हर आणि गाडीमालक यांनीही लिहावे. नाव छापू नये असे कळवल्यास ते छापले जाणार नाही. पुढच्या रमजानच्या हंगामाची भरणी सुरू होण्यापूर्वी ही पत्रे एकत्र छापण्याचा आमचा विचार आहे.